जुन्या पोस्टरच्या वळणाचा जाड फाँट: या चुका टाळा

मागच्या गणेशोत्सवात आमच्या मंडळाच्या फ्लेक्सवर 'दुसऱ्या दिवशी' हवं होतं, छापून आलं 'दुसर्या दिवशी'. दुकानदार म्हणाला, "भैया, र तो ऊपर ही लगेगा." हिंदीच्या हिशेबाने त्याचं बरोबरच होतं. म्हणून इंदुरात मराठी पोस्टर करताना पहिली तपासणी इथे करा. टाइप करताना साध्या 'र'ऐवजी नुक्ता (खाली टिंब) असलेला 'ऱ' घ्या, मग हलन्त (पाय मोडण्याचं चिन्ह), मग 'य'. फाँट निवडण्याआधी त्यात 'बिऱ्हाड', 'सोहळा', 'ॲड' लिहून पाहा. फाँटात एखादं अक्षर नसेल तर सॉफ्टवेअर ते दुसऱ्या फाँटातून उसनं आणतं, आणि जाड शब्दात किडकिडीत ळ उभा राहतो. काही फाँटांत ल आणि श यांची मराठी वळणं वेगळी दिलेली असतात. मजकुराची भाषा मराठी निवडली की ती येतात.

रोझा वन हा जुन्या पोस्टरच्या वळणाच्या जाड फाँटांतला माझा आवडता. इंडियन टाइप फाउंड्रीने तो २०१४ साली काढला, देवनागरी आणि रोमन दोन्ही त्यात आहेत, वापरायला मोफत. काही काड्या जाडजूड, काही रेघा अगदी बारीक. रोमन अक्षरांचं हे वळण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं, लंडनच्या जाहिरातींतलं. लांबून नजरेत भरावं म्हणून अक्षरं फुगवलेली. त्यामुळे नाटकाचं नाव त्यात शोभतं. वेळ, पत्ता आणि देणगीदारांची यादी मात्र साध्या फाँटातच घ्या, बारीक आकारात त्या रेघा नाहीशा होतात.

सर्वांत जास्त दिसणारी चूक अंतराची. इंग्रजी पोस्टर पाहून अक्षरं लांब लांब ठेवली जातात. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द शब्द राहत नाही. ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं वाढीव अंतर, शून्यावर ठेवा. मोकळी जागा हवी तर ती शब्दांच्या मधे आणि ओळींच्या मधे द्या. दोन ओळींच्या शीर्षकात वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीवर आदळतो, तेव्हा ओळींमधलं अंतर खरा मजकूर टाकूनच ठरवा.

जाड फाँटाला वरून बोल्ड लावू नका. सॉफ्टवेअर चहूबाजूंनी सारखी कड चढवतं, बारीक रेघा जाड होतात, 'ष' आणि 'क्ष'ची पोटं बुजतात. अक्षर आडवं ओढलं तर उभ्या काड्या सुजतात, आडव्या रेघा तशाच राहतात. मोठं हवं असेल तर आकारच वाढवा.

गडद रंगावर पांढरी अक्षरं असतील तर ऑफसेट छपाईला जपा. चार शाया एकावर एक चढताना एखादी केसभर सरकली की पांढरी बारीक रेघ भरून जाते. गडद भाग शक्यतो एकाच शाईत घ्या.

कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची फाइल कर्व्ह करून (अक्षरांचे नुसते आकार करून) द्या, म्हणजे दुकानातल्या कॉम्प्युटरवर फाँट नसला तरी अडत नाही. कर्व्ह न केलेली प्रत मात्र स्वतःकडे ठेवा. ऐनवेळी 'र्या'चं 'ऱ्या' करायला तीच लागते.