जुन्या रिव्हॉल्वरची पुढची माशी नीट दिसेल अशी कशी करायची

जुन्या रिव्हॉल्वरबद्दल बहुतेकांची पहिली तक्रार असते की पुढची माशी, म्हणजे फ्रंट साइट, दिसतच नाही, आणि मग लगेच नवीन साइट बसवायचं डोक्यात येतं. माझं मत स्पष्ट आहे: आधी रंग, मग गरज असेल तर पातं (माशीची उभी पट्टी) बदलणं, आणि कानस सगळ्यात शेवटी, कारण रंग पुसता येतो, जुनं पातं परत बसवता येतं, पण कानशीने गेलेलं लोखंड परत येत नाही.

हात लावायच्या आधी सिलिंडर उघडा, एकेक चेंबर डोळ्यांनी बघा, बोटानेही चाचपा, आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. तुमच्या इथल्या कायद्यात घरच्या घरी काय करता येतं तेही आधी बघून घ्या, शंका असेल तर सरळ परवानाधारक गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे जा. आणि पीस खरंच जुना, मूळ फिनिश टिकलेला असेल तर कृपया त्याला कापू-घासू नका, संग्राहकाच्या दृष्टीने त्याची किंमत त्या मूळ भागांतच असते.

आता तुमची माशी कशी बसवलेली आहे ते भिंग घेऊन नीट बघा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. कुठे ती नळीचाच भाग असते, कुठे पितळी किंवा चांदीच्या डागाने, म्हणजे धातू वितळवून केलेल्या सांध्याने, जोडलेली असते (१८७३ च्या कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मीचं पातं असंच पक्कं जोडलेलं आहे), कुठे आडवी बारीक पिन असते, कुठे आडव्या खाचेत सरकवलेली असते. रुगर जीपी१०० सारख्या नंतरच्या मॉडेलमध्ये तर पुढच्या बाजूला स्प्रिंगवालं बटण असतं, ते आत दाबलं की पातं वर उचलून निघतं, तिथे काही ठोकाठोकीच नाही.

रंगाचं काम सोपं आहे पण लोक घाई करतात. ॲसिटोनने पात्यावरचं तेल पूर्ण काढा, आजूबाजूला टेप लावा, आणि आधी पांढरा थर द्या, हा थर चुकवू नका कारण फ्लुरोसंट रंग पारदर्शक असतात, काळ्या लोखंडावर ते मळकटच दिसतात. पांढरा पूर्ण वाळला की टूथपिकने नारिंगी किंवा हिरव्याचे पातळ दोन थर द्या. रंग फक्त तुमच्याकडे तोंड असलेल्या बाजूला, वरच्या कडेवर अजिबात नको, ती कड धारदार दिसली तरच उंचीचा नेम धरता येतो. कागदी टार्गेटवर उजेडात नेमबाजी करणाऱ्यांना मात्र मी रंग सुचवणार नाही, त्यांना मेणबत्तीची किंवा कापराची काजळी धरलेलं काळं कुळकुळीत पातं जास्त उपयोगी, चकाकी मरते आणि कडा स्वच्छ दिसतात.

पातं बदलायचंच असेल आणि ते पिनवालं असेल तर पिनेवर भेदक तेलाचा थेंब टाकून रात्रभर ठेवा. नळीला खालून लाकडाचा किंवा नायलॉनचा आधार द्या, फ्रेम व्हाइसमध्ये कधीच आवळू नका. पिनेच्या मापाचाच पंच (पिन ठोकून काढायची सळई) घ्या, आधी आखूड पंचने हलवा मग लांब पंचने बाहेर काढा, हातोडी हलकी. नवीन पात्याचं भोक जुन्या जागी जुळेलच असं नाही, प्रत्येक नगात ते थोडं इकडेतिकडे असू शकतं, म्हणून पातं खाचेत घट्ट बसवून, जागा पक्की करून मगच ड्रिल करा. खाचेत सरकणारी माशी असेल तर काढण्याआधी बारीक खूण करा, आणि पितळी पंचने साधारणपणे डावीकडून उजवीकडे ठोका. डागाने जोडलेली किंवा नळीचाच भाग असलेली माशी घरी काढू नका, चांदीचा डाग वितळवायला ६०० अंश सेल्सियसच्या वर उष्णता लागते, नळीचं फिनिश तर जाईलच.

नवीन पातं घेताना मागच्या साइटच्या खाचेची रुंदी व्हर्नियरने मोजा. जाड पातं लांबून छान दिसतं पण नेम धरताना दोन्ही बाजूंना उजेडाची फट राहिली नाही तर सगळा फायदा गेला. उंची मात्र मुद्दाम जास्तच घ्या, ती नंतर घासून कमी करता येते.

आता झिरो करणं, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल असं जुळवणं, इथे बरेच जण उलटे जातात: गोळी खाली लागत असेल तर पुढची माशी बुटकी करायची, वर लागत असेल तर उंच हवी. किती घासायचं ते हिशेबाने काढा, चूक गुणिले पुढच्या-मागच्या दोन साइटमधलं अंतर, भागिले टार्गेटचं अंतर. समजा दोन साइटमध्ये १५० मिमी आहे आणि २५ मीटरवर गोळ्या १० सेंमी खाली लागतायत, तर १५० गुणिले १०० भागिले २५,०००, म्हणजे ०.६ मिमी. एवढंसंच! म्हणून अर्धंच घासा, सँडबॅगवर टेकवून पाच गोळ्यांचा ग्रुप बघा, मग पुढचं.

पण त्याआधी कुठली काडतुसं वापरणार ते पक्कं करा. रिव्हॉल्वरमध्ये जड आणि हळू गोळी सहसा वर लागते, कारण ती नळीत जास्त वेळ असते तोवर रिकॉइलने, म्हणजे गोळी सुटतानाच्या धक्क्याने, नळी उचललेली असते. जुन्या .३८ स्पेशल काडतुसासाठी १५८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी प्रमाण मानली जायची, त्यात ११० ग्रेनची हलकी वापरली की खाली लागते, आणि माणूस चांगल्या माशीवर कानस चालवतो.

डावी-उजवी चूक असेल तर गोळी ज्या बाजूला जाते त्याच बाजूला माशी न्यायची, गोळी उजवीकडे तर माशी उजवीकडे. पक्क्या पात्यात डावी बाजू किंचित घासली की मध्य उजवीकडे सरकतो, पण जितकं घासाल त्याच्या निम्माच, शिवाय पातं बारीक होतं. चूक मोठी असेल तर नळी तिरकी बसलीय का ते गनस्मिथला बघू द्या.

सगळं जमलं की घासलेल्या जागी कोल्ड ब्लू (लोखंड न तापवता काळं करणारं रसायन) लावा, पुसून तेलाचा हात फिरवा, आणि पुढच्या वेळी रेंजवर काही राउंड झाल्यावर पिन बाहेर सरकली नाहीये ना ते बोटाने चाचपून बघा.