1 जूनच्या सकाळी कुठे जायचं? निवृत्तीआधीच्या दोन वर्षांची तयारी

महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत शाल-श्रीफळाची खरी धांदल असते ती 31 मेला. शाळेत नाव घालताना नेमकी जन्मतारीख घरात कुणाला ठाऊक नसायची, मग गुरुजी 1 जून लिहून मोकळे व्हायचे. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणून 58 वर्षं भरली की ही सगळी मंडळी एकाच दिवशी हार गळ्यात घालून घरी येतात. जून बरा जातो. सत्कार, राहिलेली देवदर्शनं, कोषागाराच्या चकरा. पंचाईत सुरू होते ऑगस्टच्या सुमाराला. सकाळचे अकरा वाजलेले, पेपर छोट्या जाहिरातींसकट वाचून झालेला, बाहेर पाऊस, आणि आज आपण कुठेच गेलो नाही तरी कुणाचं काही अडत नाही हे पहिल्यांदा नीट कळलेलं.

तयारी त्या ऑगस्टची करायची, आणि ती दोन वर्षं आधी सुरू करायची. नोकरीत असताना एखादं काम जमलं नाही तर सहज सोडता येतं. निवृत्तीनंतर तेच सोडताना माणूस स्वतःलाच निकामी ठरवून बसतो.

पहिलं काम वहीचं. दोन आठवडे रोज रात्री एका वहीत दिवस मांडा. रकाने तीनच: वेळ, काय केलं, त्याची वाट कोण बघत होतं. शेवटचा रकाना महत्त्वाचा, तो टाळू नका. पंधरवडा संपला की नोकरीमुळे भरलेल्या सगळ्या ओळींवर लाल रेघ मारा. आठ-नऊ तास कचेरी आणि दोन तास जाणं-येणं धरलं, तर पाच दिवसांच्या आठवड्यात पन्नास-पंचावन्न तास लाल होतात. एवढे सगळे तास भरायला निघू नका. बांधील कामाचे बारा ते पंधरा तास आठवड्याला पुरतात. त्याहून जास्त अंगावर घेणारे बहुधा दिवाळीपर्यंत दमतात आणि मग सगळंच सोडतात. उरलेल्या वेळात चालणं, झोप, बाजारहाट, दवाखाना येतोच.

आता तिसऱ्या रकान्याकडे बघा. तिथे साहेब, शिपाई, अर्जदार, ठेकेदार, विद्यार्थी अशी नावं दिसतील. नोकरीने पगार दिला तशी ही वाट बघणारी माणसंही दिली, आणि पगाराची जागा पेन्शन घेते तशी या माणसांची जागा आपोआप कुणी घेत नाही. म्हणून निवृत्तीनंतरचं काम निवडताना एकच कसोटी लावा: किल्ली कुणाकडे आहे? तुम्ही गेला नाहीत तर कुणी बंद दारासमोर उभं राहणार आहे का? राहणार असेल तर ते काम टिकतं. ‘आता भरपूर वाचन करीन’ याला किल्ली नाही. गावच्या वाचनालयात मंगळवार ते शनिवार संध्याकाळी पाच ते सात देवघेव सांभाळीन, याला आहे.

वाचनालयाचंच उदाहरण पुढे न्यायचं तर, महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 सालचा आहे. मान्यता मिळालेली ग्रंथालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत मोडतात आणि शासनाचं अनुदान त्या वर्गावर ठरतं. छोट्या ग्रंथालयात पुस्तकांपेक्षा वानवा असते ती दाखलनोंद रजिस्टर, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंदवही, पूर्ण ठेवणाऱ्या, रोजकीर्द लिहिणाऱ्या आणि लेखापरीक्षणाला कागद तयार ठेवणाऱ्या माणसाची. ज्याने तीस वर्षं टेबल सांभाळलं, त्याला हे डोळे मिटून जमतं. चिटणिसांना भेटा आणि ‘काही काम असेल तर सांगा’ असं म्हणू नका. त्याला कुणी काम देत नाही, चहा देतात. ‘तुमचं दाखलनोंद रजिस्टर किती वर्षं मागे आहे? दर शनिवारी दोन तास येऊन मी ते लावून देतो,’ असं सांगा.

यासाठी आपलं पदनाम विसरून आपल्याला काय करता येतं ते क्रियापदांत लिहायला हवं. ‘उपअभियंता’ लिहून काही सुचत नाही. ‘अंदाजपत्रक वाचतो, मोजमाप पुस्तिका तपासतो, ठेकेदाराच्या बिलातली गोम ओळखतो’ असं लिहिलं की दुरुस्तीला निघालेली प्रत्येक गृहनिर्माण सोसायटी डोळ्यांसमोर येते. तिची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हावी लागते, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये हिशेब लावणारा माणूस तिथे देवासारखा वाटतो. परिचारिकेने ‘अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून देते, शय्याव्रण होऊ देत नाही’ एवढं लिहिलं तरी गल्लीतल्या चार घरांना ते शिकवण्याचं काम समोर दिसतं. अशी किमान वीस वाक्यं काढा. दहाच्या आसपास अडलात तर हाताखालच्या माणसाला विचारा. साहेबाला विचारून उपयोग नाही, त्याला तुमचं काम फायलीपुरतंच दिसलेलं असतं.

नवं काही शिकायचं असेल तर त्याच्या टोकाला कुणाची तरी गरज आहे का, हे आधी पाहा. मोडी लिपी घ्या. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ, 1910 साली स्थापन झालेलं, मोडीचे वर्ग घेत आलं आहे. मुळाक्षरं काही आठवड्यांत येतात, पण वेगवेगळ्या कारकुनांचं अक्षर लागायला वर्ष-दोन वर्षांचा सराव लागतो. म्हणजे निवृत्तीआधीच सुरुवात केलेली बरी. 2023मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणारी माणसं किती थोडी उरली आहेत ते सगळ्यांना दिसलं. जुनी खरेदीखतं, देवस्थानांचे कागद, घराण्यांचे दप्तर अजून कपाटांत पडून आहेत. उलट पेटी, कॅमेरा, दुर्बीण असं काही मनात असेल तर वीस वेळा उसनं किंवा भाड्याने वापरल्याशिवाय विकत घेऊ नका. निवृत्तीच्या पहिल्या महिन्यात घेतलेली महागडी वस्तू दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर जाते.

अंध विद्यार्थ्यांचा लेखनिक व्हावं असं अनेकांना वाटतं. परीक्षेतल्या लेखनिकाला साधारणपणे परीक्षार्थीपेक्षा कमी शिक्षणाची अट असते, त्यामुळे पदवीधराला तिथून परत यावं लागतं. पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करून देणं, अभ्यासाला सोबत बसणं याला मात्र माणसं हवीच असतात.

कुठे फसतं तेही सांगायला हवं. ज्येष्ठ नागरिक संघात गेल्या गेल्या अध्यक्षपद मागू नका. तिथे सगळेच माजी कुणीतरी असतात. खजिनदार व्हा किंवा सभागृहाची किल्ली सांभाळा. त्याच कचेरीत कराराने परत बोलावलं तर एका वर्षाची मुदत मनाशी धरा, कारण तीच खुर्ची पुन्हा मिळाली की ऑगस्ट टळत नाही, फक्त पुढे सरकतो.

घरातला बदल सगळ्यात अवघड, आणि त्यावर कुणी आधी बोलत नाही. सकाळी दहा ते पाच हे घर तीस वर्षं दुसऱ्या कुणाच्या ताब्यात होतं. त्या माणसाची अकराची वेळ ठरलेली आहे: कुकर उतरलेला, रेडिओ लागलेला, पाय जरा लांब केलेले. तेवढ्यात निवृत्त यजमान ‘चहा टाकतेस का?’ म्हणून उभे राहतात, आणि डाळीचे डबे नावाप्रमाणे का लावत नाहीस, असंही विचारतात. उपाय असा: ‘मदत’ करू नका, एक अख्खं खातं मागून घ्या. धान्य म्हणा, यादी, खरेदी, निवडणं, ऊन दाखवणं, डबे भरणं, किडे झाले तर बोलणी खाणं, सगळं तुमचं. बाकी स्वयंपाकघरात सूचना बंद.

बाई निवृत्त होत असेल तर अडचण उलटी असते. ‘आता आई घरीच आहे’ म्हणून नातवंडं, पाहुणे, कुळाचार सगळं तिच्या पदरात पडतं. निवृत्तीआधीच सांगून टाकावं: नातवाला चार ते सात सांभाळीन, गुरुवार माझा. गुरुवारी खरोखर घराबाहेर पडायचं, नाहीतर तो गुरुवार महिनाभरही टिकत नाही.

‘गावी जाऊन राहू’ म्हणणाऱ्यांनी, विशेषतः कोकणातल्या, तो बेत मे महिन्यात ठरवू नये. मेमध्ये आंबे असतात, चुलतभाऊ असतात, अंगणात गप्पा असतात. निवृत्तीआधी एकदा जुलैत सलग पंधरा दिवस त्या घरात राहा. वानरांनी फोडलेली कौलं कुठे गळतात, दिवे किती वेळ जातात, रात्री छातीत दुखलं तर गाडी कोण काढेल, हे सगळं तेव्हाच कळतं. सिंधुदुर्गातून गंभीर रुग्ण बऱ्याचदा गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात न्यावा लागतो. तो वेळ घड्याळ लावून मोजून घ्या. आणि सातबारावर किती नावं आहेत तेही, घरावर खर्च करण्याआधी.

पैशाबद्दल थोडक्यात. सेवापुस्तकाची पडताळणी आणि पती-पत्नीचा एकत्र फोटो यांवर पेन्शन अडते, म्हणून दोन्ही वर्षभर आधी उरका. जुन्या पेन्शनवाल्यांना 40 टक्क्यांपर्यंत अंशराशीकरण, म्हणजे पेन्शनचा काही भाग सोडून त्याबदली एकरकमी पैसे, घेता येतं, पण कापलेला भाग 15 वर्षांनी पूर्ववत होतो हे घरात बोलूनच सही करा. हातात रक्कम आल्यावर पहिले सहा महिने मोठा निर्णय घेऊ नका, मुलाच्या फ्लॅटचाही नाही. अपवाद एक: ज्येष्ठ नागरिक बचत योजना. तिची वयाची अट 60 असली तरी 55 ते 60 मधल्या सेवानिवृत्ताला निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडता येतं. मर्यादा 30 लाखांची. तीन महिने चुकले की साठीपर्यंत थांबणं आलं.

सहा महिन्यांनी, साधारण नोव्हेंबरात, हयातीचा दाखला द्यायला जाल तेव्हा ती जुनी वही परत काढा आणि पुन्हा पंधरवडाभर तेच तीन रकाने भरा. तिसऱ्या रकान्यात घराबाहेरची तीन तरी नावं यायला हवीत. आली नसतील तर काम बदला, तास वाढवू नका. आली असतील तर वाचनालयाच्या किल्लीची दुसरी प्रत करून चाळिशीतल्या एखाद्या सभासदाकडे देऊन ठेवा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर काही दिवस धुळीत जाऊ देत नाहीत, आणि जुनी पुस्तकं म्हणजे धूळ आलीच.