खेळ पुन्हा सुरू करण्याआधी थांबा: नव्या फुटबॉल पंचांनो, या चुका टाळा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे शालेय फुटबॉलचे बरेच सामने क्रीडाशिक्षक चालवतात, नाहीतर काल-परवापर्यंत स्वतः खेळणारी पोरं. हौस भरपूर, धावण्याची तयारीही असते. तरी त्याच त्या चुका दरवर्षी दिसतात. त्यातल्या निम्म्याअधिक मैदानावरच दुरुस्त होऊ शकतात, हे नव्या पंचांना कोणी सांगितलेलंच नसतं.

फुटबॉलच्या नियमावलीतल्या नियम 5 प्रमाणे, दिलेला निर्णय चुकीचा वाटला, किंवा सहायक पंचाने काही लक्षात आणून दिलं, तर तो बदलता येतो. अट एवढीच की खेळ पुन्हा सुरू झालेला नसावा आणि हाफ टाइमची किंवा शेवटची शिट्टी वाजवून तुम्ही मैदान सोडलेलं नसावं. एकदा फ्री किक मारली गेली की तो दरवाजा बंद. म्हणून शिट्टी आणि पुढची किक यांच्या मधले ते काही सेकंद फार मोलाचे आहेत. नवा पंच नेमका तिथेच घाई करतो. पोरं ओरडत असतात, चेंडू कोणीतरी ठेवून दिलेला असतो आणि हा 'खेळा, खेळा' म्हणत मागे पळतो. तसं करू नका. सहायकाकडे एकदा बघा. कार्ड दाखवलं असेल तर वही बघा: या नंबरला आधी पिवळं आहे का? नोंद पेन्सिलीने करा, पावसात शाई पसरते. दुसरं पिवळं असेल तर आधी पिवळं, मग लाल, याच क्रमाने दाखवा.

ऑफसाइडवर सगळ्यात जास्त भांडणं होतात. बाहेरून कोणीतरी ओरडतं, "रेफ्री भाऊ, ऑफसाइड शे ना!" आणि हात आपोआप वर जातो. ऑफसाइड जागेवर, म्हणजे समोरच्यांच्या अर्ध्यात चेंडू आणि शेवटून दुसरा बचावपटू या दोघांपेक्षा गोलच्या जवळ, नुसतं उभं राहणं हा गुन्हा नाही. त्या खेळाडूने चेंडू खेळला, प्रतिस्पर्ध्याला अडवलं किंवा त्या जागेचा फायदा उठवला, तरच शिट्टी. थ्रो-इन, कॉर्नर आणि गोल किकवरून चेंडू थेट मिळाला तर ऑफसाइड होतच नाही, तरी शालेय सामन्यांत थ्रो-इनवर ऑफसाइड दिलेला मी अजूनही पाहतो. चेंडू मारला त्या क्षणी खेळाडू स्वतःच्या अर्ध्यात असेल तर नाही. शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत असेल तरीही नाही. हात आणि दंड मोजायचे नसतात.

बरेचदा सहायक पंचच नसतात आणि दोन्ही शाळांची दोन पोरं झेंडा घेऊन उभी राहतात. त्यांच्याकडून चेंडू रेषेबाहेर गेला की नाही एवढंच घ्या आणि हे सामन्याआधी दोघांनाही सांगून ठेवा. ऑफसाइडची जबाबदारी अशा पोराच्या गळ्यात घातली की वर्गमित्रांच्या शिव्या त्यालाच खाव्या लागतात. ते काम तुमचं. मैदानाच्या मधोमध सरळ वर-खाली धावण्यापेक्षा तिरक्या रेषेत, थोडं बाहेरच्या बाजूला राहा, म्हणजे बचावाची रेषा आणि चेंडू दोन्ही एका नजरेत येतात.

आता ड्रॉप बॉल, म्हणजे थांबलेला खेळ पंचाने चेंडू जमिनीवर टाकून पुन्हा सुरू करणं. दोन्ही संघांचा एकेक गडी समोरासमोर उभा करून मध्ये चेंडू टाकायचा, ही पद्धत 2019 मध्ये संपली. आपल्याकडे मात्र ती तितक्याच उत्साहाने चालू आहे, आणि दोन पोरं एकमेकांच्या नडग्या फोडून घेतात. खेळ थांबला तेव्हा चेंडू डीमध्ये (पेनल्टी एरियात) असेल तर तो बचाव करणाऱ्या गोलकीपरला द्या. इतरत्र, ताबा कोणाकडे होता किंवा जाणार होता हे स्पष्ट असेल तर त्या संघाच्या एका खेळाडूला, नसेल तर शेवटचा स्पर्श ज्या संघाचा त्याला. बाकी सगळे किमान 4 मीटर लांब. चेंडू तुमच्या अंगाला लागून ताबा बदलला, चांगला हल्ला सुरू झाला किंवा थेट गोलात गेला, तर तिथेही ड्रॉप बॉलच.

2025-26 पासूनचा बदल अनेकांपर्यंत पोहोचलेला नाही. गोलकीपरने चेंडू हातात 8 सेकंदांपेक्षा जास्त धरला तर आता अप्रत्यक्ष फ्री किक नाही, समोरच्या संघाला कॉर्नर. शेवटचे 5 सेकंद हात वर करून बोटांनी मोजून दाखवायचे. सामन्याआधी दोन्ही गोलकीपरांना हे सांगा. गावाकडच्या पोराला कॉर्नर का दिला हेच कळलं नाही तर गोंधळ ठरलेला.

अप्रत्यक्ष फ्री किकला हात वर ठेवणं विसरू नका, आणि चेंडूला दुसऱ्या कोणाचा स्पर्श होईपर्यंत किंवा तो बाहेर जाईपर्यंत खाली घेऊ नका. ती किक कोणालाही न लागता समोरच्या गोलात गेली तर गोल नाही, गोल किक.

कबड्डी आणि खो-खोची पंचगिरी करणारे शिक्षक फुटबॉलमध्ये शिट्टी फार वाजवतात. चेंडू सरळसरळ टच लाइनबाहेर गेला तर शिट्टीची गरजच नाही, हाताने दिशा दाखवली की पुरे. मग फाऊलच्या वेळी तीच शिट्टी जोरात वाजली की पोरं लगेच थांबतात.

मैदान तपासण्याकडे आपण सगळ्यात कमी लक्ष देतो आणि त्याची किंमत सगळ्यात मोठी असू शकते. उचलून ठेवायचे लोखंडी गोलपोस्ट जमिनीला पक्के रोवलेले किंवा बांधलेले नसतील तर सामना सुरू करू नका. आयोजक म्हणतील, "सर, दरवर्षी असंच चालतं." चालू देऊ नका. आडव्या दांड्याला लोंबकळणारं पोर आणि त्याच्यावर कोसळणारा सांगाडा, यात सेकंदही जात नाही. पावसाळ्यात आपली काळी माती बुटाला लपके धरते आणि फक्की पहिल्याच सरीत वाहून जाते. डीची रेषा दिसत नसेल तर गोलकीपरने हात कुठे लावला यावर वाद होणारच, म्हणून मध्यंतरात फक्की पुन्हा मारून घ्या. कळीचा चुना मात्र वापरू देऊ नका, डोळ्यांना आणि कातडीला भाजतं. चिखलात टॅकल लांबवर घसरत जातो. तेव्हा खेळाडू किती घसरला यापेक्षा पाय कसा आला, तळवा वर होता का, जोर किती होता, ते बघा.

उन्हाळी शिबिरांत उलटं संकट. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, अशा वेळी दुपारचा सामना लावणं चूकच आहे आणि पंचाने ते बोलून दाखवायला हवं. नियम 7 मध्ये पाणी पिण्यासाठी जास्तीत जास्त 1 मिनिट आणि अंग थंड करण्यासाठी 90 सेकंद ते 3 मिनिटं थांबण्याची सोय आहे. स्पर्धेच्या नियमांत ती आहे का, हे आयोजकांना आधीच विचारा, दोन्ही कर्णधारांना सांगा आणि तो वेळ शेवटी भरून काढा. पोर चक्कर येऊन पडलं तर फायदा-तोटा न बघता खेळ तिथल्या तिथे थांबवा.

गळ्यातला ताईत, हातातलं कडं, काळा दोरा, कानातली बाळी, मुलींच्या नाकातली चमकी, सगळं काढायला लावायचं. वर चिकटपट्टी लावून चालत नाही. इथे पालक भावुक होतात, म्हणून हे सामन्याच्या आदल्या दिवशीच शाळेला कळवलेलं बरं. पोराला सगळ्यांसमोर दोरा तोडायला लावू नका.

ओळखीचं काय करायचं? खानदेशात समोरच्या संघाचा प्रशिक्षक बहुधा आपला जुना सहकारी असतो, नाहीतर भावकीतला कोणी. तो हक्काने "दादा, काय चाललंय हे!" म्हणत रेषेवर येतो. नमस्कार-चमत्कार सामन्याआधी दोन्ही प्रशिक्षकांशी सारखाच करा आणि बोलायला फक्त कर्णधाराने यायचं, हे तेव्हाच ठरवून घ्या. 2019 पासून प्रशिक्षकालाही पिवळं-लाल कार्ड दाखवता येतं. पहिल्यांदा शांतपणे समज द्या, मग मात्र नातं आडवं येऊ देऊ नका. खेळणारी पोरं हे सगळं बघत असतात.

अहवालात मत लिहू नका. 'खेळाडू फार उर्मट वागला' यावरून शिस्त समितीला काहीच कळत नाही. 'दुसऱ्या हाफच्या 20 व्या मिनिटाला निळ्या संघाच्या 7 नंबरने, चेंडू लांब असताना, पांढऱ्या संघाच्या 4 नंबरच्या छातीवर दोन्ही हातांनी ढकललं' असं लिहा. आणि भांडणामुळे, पावसामुळे किंवा एखाद्या संघात 7 पेक्षा कमी खेळाडू उरल्यामुळे सामना अर्ध्यावर थांबला, तर विजेता मैदानावर जाहीर करू नका. सामना पुन्हा खेळवायचा की निकाल द्यायचा हे स्पर्धेचे नियम आणि आयोजक ठरवतात. तुम्ही वेळ, गुणफलक आणि थांबवण्याचं कारण तेवढं लिहून द्या.