ओटीवर शिंगवाला भुंगा आला? आधी माडाचा शेंडा बघा

पाऊस सुरू झाला की रात्री ओटीवरच्या दिव्यावर काहीतरी धाडकन आपटतं. सकाळी पायरीखाली बोटाच्या दोन पेरांएवढा काळा, चकचकीत किडा उताणा पडलेला दिसतो आणि डोक्यावर शिंग बघून घरातले घाबरतात. घाबरायचं कारण नाही. तो चावत नाही, डंख मारत नाही. हातात धरलात तर काटेरी पायांनी बोट आवळतो आणि चिर्र चिर्र करतो, एवढंच.

हा गेंड्या भुंगा. नराचं शिंग लांब आणि मागे वळलेलं असतं. मादीचं आखूड, पण तिच्या शेपटाकडे तांबूस केसांचा झुपका दिसतो. शिंगं शेणकिड्यालाही असतात, पण तो बसका, रुंद, डोकं फावड्यासारखं चपटं. त्याला मारू नका, तो शेण जमिनीत नेतो. तांबूस रंगाचा, पुढे सोंड असलेला भुंगा सापडला तर मात्र तो सोंड्या. तो खोडात शिरतो आणि गेंड्याने केलेल्या जखमा त्याला आयत्याच मिळतात.

गेंड्या दिसला की आवारातले माड बघून या. उलगडलेल्या झावळ्या कात्रीने त्रिकोणी कापल्यासारख्या दिसतात का? ही खूण जुनी समजा. पान सुरळी करून मिटलेलं होतं तेव्हाच त्याने खाल्लेलं असतं. झावळीचा देठ खोडाला मिळतो त्या बेचक्यात भोक आणि तोंडाशी चघळलेला ओला चोथा दिसला तर भुंगा बहुधा आत आहे. आकडा काढलेली लोखंडी तार घालून त्याला ओढून काढा. मोठ्या माडाला पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, चढेल तेव्हाच हे काम सांगून ठेवावं. त्यासाठी वेगळी चढणावळ कोण देणार?

नंतर शेंड्याजवळच्या दोन-तीन बेचक्यांत पाव किलो निंबोळी पेंडीची भुकटी तेवढ्याच बारीक वाळूत मिसळून भरा. मेअखेर राहून गेलं असेल तर आता भरा, पुन्हा सप्टेंबरात. कवाथ्यांना, म्हणजे लहान माडांना, जास्त जपा, कोंब गेला तर रोपच जातं. त्यांच्या बेचक्यांत तीन-चार डांबरगोळ्या ठेवून वर वाळू घाला आणि दर ४५ दिवसांनी बदला. फोरेट हे कीटकनाशक वापरू नका, देशात त्यावर बंदी आहे.

हे सगळं करूनही भुंगे येतच राहिले तर गायरी, म्हणजे शेणखताचा खड्डा, उपसा. माझ्या अनुभवात चूक तिथेच असते. खताच्या तळाशी अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्या, वेटोळं करून पडलेल्या अळ्या सापडतील. मुळं खाणारी हुमणी वेगळी. या अळ्या कुजलेलंच खातात, पण पुढचे भुंगे त्यांचेच. वेचून कोंबड्यांना घाला. उरलेल्या खतात मेटारायझियम बुरशी मिसळून ओल राखा. तिने मेलेल्या अळ्या हिरव्या पडतात. भुंग्यांना वासाने ओढणारा गंधसापळा लावायचा तर हेक्टरी एक पुरे, पण तो कवाथ्यांपासून लांब टांगा, नाहीतर आपणच पाहुणे बोलावल्यासारखं होतं. आणि कुंपणापाशी एखादा माड उभा वाळलेला असेल तर तो यंदा तोडाच. कुजक्या खोडातही अळ्या वाढतात.