पाणी पायरीला येण्याआधी रस्ता जातो: नदीकाठच्या गावांनी या चुका टाळा

"२००५ ला पाणी पायरीला लागून परत गेलं. आता काय घरात येतंय?" शिरोळ तालुक्यातल्या आमच्या आत्याचं हे २०१९ च्या ऑगस्टमधलं वाक्य. तिसऱ्या दिवशी तिला बोटीतून काढलं तेव्हा पाणी माळ्याच्या फळ्यांना टेकलं होतं. पेटीतली कागदपत्रं तिनं जपून त्याच माळ्यावर ठेवली होती.

चूक एकट्या आत्याची नाही. कृष्णा-पंचगंगेच्या काठावर प्रत्येक घराला मागच्या पुराची एक खूण असते आणि सगळं घर त्या खुणेवर विसंबतं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ २००५ ला पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं, २०१९ ला ते ५७ फुटांच्या वर गेलं. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर २०१९ ला ५५ फुटांच्या वर, तर २०२१ च्या जुलैत ५६ फुटांपर्यंत. जुनी खूण म्हणजे तेव्हा पाणी तिथं थांबलं होतं, एवढंच.

पायरी बघत बसू नका, रस्ता बघा

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. गाव उंचावर असतं, पण गावातून बाहेर पडणारा रस्ता कुठंतरी ओढा ओलांडतो, मळीच्या रानातून जातो. पाणी आधी तिथं चढतं. घर कोरडं, चूल पेटलेली, पोरं पूर बघायला पुलावर, आणि तोवर गावाचं बेट झालेलं असतं. पुढचं सगळं बोटीवर.

म्हणून आपल्या गावाचा आकडा काढा. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, आयर्विनची ४० आणि ४५. हे आकडे त्या त्या ठिकाणचे आहेत, तुमच्या ओढ्याचे नाहीत. बंधाऱ्यावर किती फूट असताना तुमच्या ओढ्याच्या पुलावर पाणी आलं, हे गावातल्या दूधगाडीवाल्याला विचारा. पहाटे गाडी वळवावी लागते ती त्यालाच, त्यामुळं त्याच्या लक्षात असतं. तो आकडा कॅलेंडरवर लिहा. पातळी त्याच्या दोन-तीन फूट खाली असतानाच म्हातारी माणसं, बाळंतीण आणि आजारी माणूस बाहेर. अंधार पडायच्या आत.

जनावरं शेवटी काढणं

लोक घर का सोडत नाहीत, यावर दरवर्षी शहरातून उपदेश होतो. खरं कारण गोठ्यात उभं असतं. दोन वेळच्या धारांवर घर चालतं. ती म्हैस सोडून कुणी उठत नाही, आणि बोटीत ती मावत नाही. त्यामुळं क्रम उलटा करा: रस्ता चालू असताना पहिली जनावरं हलवा. माळाकडच्या पाहुण्यांशी जूनमध्येच बोलून ठेवा. ऐन पुरात फोन केला तर त्यांच्या गोठ्यात आधीच दुसऱ्या कुणाची तरी जनावरं बांधलेली असतात. सोबत चार दिवसांची सुकी वैरण न्या. कानातल्या बिल्ल्याचा नंबर वहीत उतरवून घ्या, छावणीत म्हशी ओळखण्यावरून भांडणं होतात. घटसर्पाची लस पावसाळ्याआधीच टोचून घ्या, कारण तिथं दहा गावची जनावरं एकत्र येतात.

आणि काहीच जमलं नाही, तर निदान दावं सोडा. आत्यानं निघताना दोन्ही म्हशी सोडल्या होत्या. एक चौथ्या दिवशी शाळेच्या पटांगणात उभी सापडली. शेजाऱ्यांची दावणीला बांधलेली होती.

चुकीच्या धरणाकडे बघणं

"राधानगरीचा दरवाजा उघडला, पळा" हा निरोप दरवर्षी फिरतो. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, आणि एका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट, पाणी येतं. ते महत्त्वाचं खरंच, पण पंचगंगेत कासारी, कुंभी, तुळशी या नद्यांचंही पाणी असतं, आणि धरणाच्या खालच्या अंगाला पडलेला पाऊस कुणाच्या दरवाजानं अडत नाही. वर घाटमाथ्यावर गगनबावड्याला किती पडला, ते आधी बघा.

शिरोळकरांचं गणित याहून वेगळं. नृसिंहवाडीला दोन्ही नद्या भेटतात. कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं तुंबतं. कोल्हापुरात ऊन पडतं, राजारामची पातळी इंचाइंचानं उतरू लागते, आणि इकडं पाणी चढतच असतं. तिथल्या माणसानं कोयना धरणाचा विसर्ग आणि आयर्विनचा आकडाही बघायला हवा. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यानं पूर येतो का, हा वाद चहाच्या टपरीवर रंगू दे, पण म्हशी काढून झाल्यावर.

बोट

८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून १७ जणांचा जीव गेला. क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरली असतील तर दुसऱ्या फेरीला थांबा. लाइफ जॅकेट नसेल तर तसं मोठ्यानं विचारा, लाजू नका. वाहत्या पाण्यात गाडी घालू नका. फरशी पुलावर दोन फूट पाणी चारचाकीही ढकलून नेतं.

पाणी उतरल्यावरची घाई

घरात शिरल्याबरोबर हात मेन स्विचकडे जातो. तो आवरा. भिजलेला बोर्ड आणि शेतातला मोटारीचा स्टार्टर वायरमननं तपासल्याशिवाय चालू करायचा नाही. अंथरुणं उचलताना काठी वापरा, कोरडी जागा शोधत साप घरात येतात. विहिरीचं पाणी उपसून टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकेपर्यंत पिऊ नका. चिखलात अनवाणी फिरून पायाला जखम झाली आणि मग ताप आला, तर अंगावर काढू नका. उंदरांच्या मुतातून होणारा लेप्टो असू शकतो. भिजून आंबलेला कडबा जनावरांपुढं टाकू नका.

आणि भिंत धुण्याआधी फोटो. आपल्या बायका इतक्या कष्टाळू की तलाठी पंचनाम्याला येईपर्यंत घर सारवून लख्ख. मग "पाणी कुठवर होतं?" याला उत्तर नुसतं बोटानं दाखवायचं. चिखलाची रेघ, भिजलेलं धान्य, फुगलेली कपाटं, झोपलेला ऊस, सगळं जसंच्या तसं टिपा. मग त्या रेघेवर ऑइलपेंटनं खूण करा. वर्ष तर लिहाच, पण त्या दिवशी राजारामला आणि आयर्विनला किती फूट होतं, तेही शेजारी लिहा.