वॉर्ड बदलून मागितलाय? ऑर्डर येईपर्यंतची तयारी

युनिट बदलीचा अर्ज दिला की प्रत्येक सिस्टर विचारते, "माझा नंबर कधी?" अशी नंबरवारी बहुतेक रुग्णालयांत नसते. तीन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात : पलीकडच्या युनिटमध्ये जागा, इकडे तुमच्या जागी रिलीव्हर (बदली सिस्टर) आणि नव्या महिन्याची ड्युटी लिस्ट. जागा अधूनमधून निघतेच, गाडं अडतं ते रिलीव्हरपाशी. एसआययूच्या (केंद्र सरकारच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटच्या) मानकांप्रमाणे साध्या वॉर्डात सहा रुग्णांमागे एक परिचारिका आणि आयसीयूत एकास एक लागते. हे झालं कागदावर. रात्री अख्खा मेडिसिन वॉर्ड एका सिस्टरच्या गळ्यात असतो, मग इन्चार्ज सिस्टर तुम्हाला सुखासुखी कशी सोडतील? म्हणून पाठपुरावा जागेचा करण्यापेक्षा रिलीव्हरचा करा.

आधी एक खात्री करून घ्या. सरकारी रुग्णालयातल्या सार्वत्रिक बदल्या २००५ च्या बदली कायद्याप्रमाणे साधारणपणे वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मेमध्ये होतात आणि त्या रुग्णालयाच्या हातात नसतात. एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात नेमणूक हा अधिसेविकांच्या, म्हणजे मेट्रन मॅडमच्या, पातळीवरचा विषय आहे. पण पहिल्याचा दुसऱ्यावर परिणाम होतो. मेअखेर काही जणी बाहेर जातात, काही नव्या येतात आणि जूनमध्ये रुग्णालयातल्या वॉर्डांची फेरमांडणी होते. तुमचा अर्ज तेव्हा फाइलमध्ये वर असायला हवा, म्हणजे मार्चपर्यंत दिलेला असावा. खासगी आणि सहकारी रुग्णालयांत नर्सिंग सुपरिंटेंडेंट आणि एचआर मिळून ठरवतात. तिथे नर्सिंगची नवी जीएनएम (डिप्लोमा), बीएस्सी बॅच रुजू झाली, तिचं ओरिएंटेशन संपलं की जुन्यांना सोडतात.

अर्ज एका पानाचा पुरे. सध्याचं युनिट आणि तिथली रुजू तारीख, मागितलेलं युनिट (पहिली आणि दुसरी पसंती), शिक्षण, झालेली प्रशिक्षणं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आणि त्याची मुदत. नोंदणीचं नूतनीकरण दर ५ वर्षांनी असतं, मुदत संपत आली असेल तर आधी ते उरका. कारण दोन ओळींत लिहा. "इन्चार्जशी पटत नाही" हे खरं असलं तरी लिहू नका, कारण अर्ज त्यांच्याच सहीने पुढे जायचा असतो. पाठीचं दुखणं किंवा गर्भारपण असं वैद्यकीय कारण असेल तर प्रमाणपत्र जोडा. दोन प्रती काढा आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. तोंडी "बघते गं" वर विसंबू नका. मेट्रन मॅडम बदलल्या की तोंडी शब्द त्यांच्याबरोबर जातो, आवक क्रमांक रजिस्टरमध्ये राहतो.

म्युच्युअल, म्हणजे दोघींनी आपापसांत अदलाबदल करणं, जमलं तर रिलीव्हरचा प्रश्नच मिटतो. लहान मुलं असलेल्या, रात्रपाळीला कंटाळलेल्या आयसीयूतल्या सिस्टरना ओपीडी किंवा डे-केअर हवं असतं, तिथे विचारून पाहा. दोघींचं पद एकच हवं. दोन्ही अर्ज एकाच दिवशी द्या आणि प्रत्येकीच्या अर्जात दुसरीचा उल्लेख करा. एकीचा अर्ज पुढे गेला आणि दुसरीचा टेबलावर राहिला, की म्युच्युअल मोडलंच म्हणून समजा.

सोलापुरात वेळ साधणं महत्त्वाचं. जानेवारीत संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, आषाढीला पंढरपूरची ड्युटी, एप्रिल-मेमध्ये चाळिशीपार पारा आणि उष्माघाताचे रुग्ण. या दिवसांत रुग्णालयाच्या आत कोणी कोणाला हलवत नाही. आमच्या मते विचारणा करायला फेब्रुवारी-मार्च आणि आषाढी आटोपल्यावरचे दोन आठवडे बरे. पाऊस रुळला की डेंग्यूने वॉर्ड भरतात, मग पुन्हा थांबा. लिस्ट महिनाअखेरीस लागत असेल तर १५ ते २० तारखेच्या दरम्यान भेटा, सकाळी आठच्या गडबडीत नको, राऊंड संपल्यावर. "माझं काय झालं?" असं विचारलं तर "बघू" हेच उत्तर येतं. "माझ्या जागी कोण येऊ शकेल? तिला मी दोन आठवडे शिकवते," असं म्हणून पाहा. महिन्यातून एकदा पुरे.

मधला काळ कसा घालवायचा ते मागितलेल्या युनिटवर ठरतं. सगळ्यात लवकर सुरुवात डायलिसिस मागणाऱ्यांनी करावी, कारण हिपॅटायटिस बीची लस ०, १ आणि ६ महिन्यांनी घ्यायची असते. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर (लसीने तयार झालेल्या प्रतिपिंडांची रक्तचाचणी) करतात, ते मिलीला १० मिली-युनिट किंवा त्याहून जास्त यावं लागतं. म्हणजे सात-आठ महिने गेलेच. ऑर्डर आल्यावर लस सुरू केली तर नव्या युनिटमध्ये तुम्हाला पहिले कित्येक महिने मशीनपासून लांब ठेवण्याची पाळी येते. लस पूर्वी झाली असेल तर थेट टायटर करून रिपोर्ट अर्जाला जोडा.

आयसीयूसाठी बीएलएस, एसीएलएस (हृदय बंद पडल्यावर जीव वाचवण्याचं प्राथमिक आणि पुढचं प्रशिक्षण) करा. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं कार्ड दोनच वर्षं चालतं, त्यामुळे फार आधीही करू नका. त्याहून जास्त वेळ इन्फ्युजन पंपाच्या (शिरेतून ठरल्या वेगाने औषध सोडणाऱ्या यंत्राच्या) हिशेबावर घालवा, नव्या सिस्टर हमखास तिथेच अडखळतात. उदाहरण : ५० मिलीच्या सिरिंजमध्ये रक्तदाब वाढवणारं औषध, ४ मिग्रॅ नॉरअ‍ॅड्रेनलिन, म्हणजे मिलीला ८० मायक्रोग्रॅम. रुग्ण ६० किलोचा, ऑर्डर ०.१ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट. मिनिटाला ६, तासाला ३६० मायक्रोग्रॅम. ३६० भागिले ८०, पंप ताशी ४.५ मिलीवर. हे कागद-पेन न घेता जमेपर्यंत करा. अँप्युलवर बायटार्ट्रेट (क्षाररूप) लिहिलंय की बेस (मूळ औषध), तेही वाचा. २ मिग्रॅ बायटार्ट्रेट म्हणजे १ मिग्रॅ बेस. इथे गल्लत झाली तर डोस थेट निम्मा किंवा दुप्पट होतो.

एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) एक मिलीच्या सिरिंजवर हात बसलेला हवा. तिथे दशांशचिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट. ओटी (ऑपरेशन थिएटर) मागणाऱ्यांनी स्वॅब आणि इन्स्ट्रुमेंट काउंटची पद्धत पाहून घ्यावी. ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) टेपचा रंग बदलला म्हणजे ड्रम निर्जंतुक झाला असं नाही, उष्णता लागली एवढंच तो सांगतो. ओटीला ऑन-कॉल असतं. शहराबाहेर कुंभारीकडे राहून शहरात, किंवा शहरात राहून कुंभारीला रात्री दोनला कसं पोहोचणार, याचं उत्तर अर्जाआधी शोधा. कॅथलॅबमध्ये (अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी होते तिथे) टीएलडी बॅज (अंगाला किती क्ष-किरण लागले ते मोजणारा बिल्ला) स्वतःच्या नावावर निघेपर्यंत लेड एप्रन घालूनही प्रोसीजरला उभं राहू नका. बाळाचा विचार सुरू असेल तर कॅथलॅब पुढे ढकललेलं बरं.

कॅज्युअल्टी किंवा लेबर रूम मागत असाल आणि कानडी किंवा तेलुगू येत असेल, तर अर्जात जरूर लिहा. अक्कलकोटकडून आलेल्या आजीला "यल्ली नोवु?" आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या मावशींना "एक्कड नोप्पी?" (कुठे दुखतंय?) विचारू शकणारी सिस्टर इन्चार्जना हवीच असते.

त्या युनिटमध्ये कोणी रजेवर गेलं की चार दिवसांच्या रिलीव्ह ड्युटीला स्वतःहून नाव द्या. तिथल्या इन्चार्जनी तुमचं काम पाहिलेलं असलं की मागणी पलीकडूनही होते. मात्र साठलेल्या सीऑफचा (जादा ड्युटीच्या बदली सुट्ट्यांचा) हिशेब ऑर्डर निघण्याआधी इन्चार्जच्या सहीने लिहून घ्या, नवं युनिट जुने ऑफ सहसा मान्य करत नाही. लांबची रजाही याच काळात टाकू नका. रजेवर असताना जागा निघाली तर ती दुसरीला जाते.

ऑर्डर निघाली तरी रिलीव्ह व्हायला महिना लागू शकतो. ऑर्डरवर "पर्यायी व्यवस्था झाल्यावर कार्यमुक्त" असं असेल तर तारीख लेखी मागा. चार्ज देताना घाई नको : डेड स्टॉक रजिस्टरप्रमाणे (टिकाऊ सामानाच्या नोंदवहीप्रमाणे) बीपी अ‍ॅपरेटस, सक्शन मशीन, लॅरिंगोस्कोपची पाती, लिनन मोजून द्या. इमर्जन्सी ट्रेच्या एक्स्पायरी तारखा दोघींनी मिळून पाहा. मॉर्फिन, फेंटानिलची शिल्लक रिकाम्या अँप्युलसकट जुळवा आणि कुलपाच्या किल्ल्या सही घेऊनच सोपवा. नंतर काही कमी निघालं तर बोट तुमच्याकडे वळतं, म्हणून दोघींच्या सह्या झालेल्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, आणि तो काढताना रुग्णाचं नाव असलेलं पान चौकटीत येऊ देऊ नका.