जुना फ्लॅश डिजिटल कॅमेऱ्यावर चढवण्याआधी

व्हिव्हिटार २८३सारखा जुना फ्लॅश स्वस्तात मिळाला, तरी लगेच हॉट शूवर (कॅमेऱ्यावरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेत) बसवू नका. आधी ट्रिगर व्होल्टेज, म्हणजे फ्लॅशच्या पायातून कॅमेऱ्यावर येणारं व्होल्टेज, मोजा; ते जास्त असेल तर कॅमेरा बिघडू शकतो. ताजे सेल घालून रेडीचा दिवा लागू द्या. मल्टिमीटर डीसी १००० व्होल्टवर ठेवा. लाल टोक पायाच्या मधल्या पिनला, काळं बाजूच्या धातूला. सुरुवातीच्या काही २८३मध्ये आकडा २००च्या वर जातो, नंतरच्यांत दहाच्या आसपास असतो. म्हणून मॉडेलच्या नावावर विसंबू नका, हातातला नगच मोजा. कॅमेऱ्याची मर्यादा मॅन्युअलमध्ये पाहा. सापडली नाही तर ६ व्होल्ट धरा. आकडा जास्त असेल तर व्होल्टेज उतरवणारा अडॅप्टर किंवा रेडिओ ट्रिगर (फ्लॅश बिनतारी उडवणारं साधन) वापरा, पण त्याच्या रिसीव्हरलाही मर्यादा असतेच.

टीटीएल (फ्लॅशचा प्रकाश कॅमेऱ्याने आपोआप ठरवणं) विसरा. कॅमेरा मॅन्युअल मोडवर, शटर १/१६० सेकंद. सिंक स्पीडपेक्षा (फ्लॅशसोबत चालणाऱ्या शटरच्या कमाल वेगापेक्षा) वेगवान ठेवलं तर फोटोत काळा पट्टा येतो. गाइड नंबर म्हणजे फ्लॅशची ताकद; त्याला अंतराने भागलं की एफचा आकडा मिळतो. तो ३६ (मीटर, आयएसओ १००) असेल, तर साडेचार मीटरवर एफ/८.

फ्लॅश उडतच नसेल तर आधी सायलेंट शटर बंद करा. आणि फ्लॅश खोलून बघायचा मोह नको: सेल काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्ट उरलेले असू शकतात.